शेक हवा, पण बेताचा

रात्रीचे दहा वाजलेले असतात. लोकलमधून उभ्याने प्रवास करून आलेल्या कुणाची कंबर धरलेली असते, कुणाच्या पोटात पाळीच्या कळा येत असतात, तर थंडीने आजोबांचे गुडघे आखडलेले असतात. औषधांच्या दुकानातून आणलेली शेकाची पिशवी घरात असते. मात्र तिच्या वेष्टनावर ‘मायक्रोवेव्हमध्ये इतकी मिनिटे ठेवा’ एवढीच सूचना ठळकपणे छापलेली असते. मायक्रोवेव्ह घरात नसतो, असला तर बिघडलेला असतो, किंवा नेमकी वीज गेलेली असते. मग गॅसवर पातेले चढते, तवा तापतो आणि अंदाजाने काम सुरू होते.

खरी अडचण या अंदाजातच आहे. शेक तापवण्यासाठी मायक्रोवेव्ह अजिबात आवश्यक नाही. तो येण्यापूर्वी पिढ्यान् पिढ्या पाणी, मीठ, वाळू, विटा आणि फडक्याच्या घड्या यांवरच शेक घेतला जात होता. मात्र मायक्रोवेव्ह ठरलेल्या वेळेनंतर आपोआप बंद होतो, गॅसवरच्या तव्याला तशी मर्यादा नसते. ती मर्यादा शेक देणाऱ्याने घालायची असते. ती चुकली तर तरुण, धडधाकट माणूस ‘अरे, भाजले’ म्हणून पिशवी दूर सारतो. मधुमेहाने ज्याच्या पायांची संवेदना गेली आहे, त्याला मात्र चटका बसल्याचे कळतही नाही. सकाळी पायावर फोड दिसतो, तो चिघळतो आणि मायेपोटी दिलेला शेक पायावरच बेततो. म्हणून शेक कसा तापवावा, या प्रश्नाला जोडूनच तो किती तापवावा आणि कुणाला देऊ नये, हेही पाहावे लागते.

सौम्य उबेचा गुण

शेकाने त्या भागातील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताभिसरण वाढते आणि आखडलेले स्नायू सैलावतात. हा अनुभव जुना असला, तरी त्याची शास्त्रीय तपासणी अलीकडची आहे. पाळीच्या वेदनांवर ओटीपोटाला सुमारे ३९ अंश सेल्सिअस तापमानाची पट्टी दिवसाचे १२ तास बांधून अमेरिकेत एक चाचणी घेण्यात आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार या पट्टीने मिळणारा आराम आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीच्या तोडीचा होता. कंबरदुखीसंबंधीच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २००६ मध्ये आढावा घेतला. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत उबदार पट्ट्याने थोडा आणि अल्पकाळ टिकणारा आराम पडतो, असे त्यात आढळले. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये अशा दुखण्यावर औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेकाचा समावेश केला.

यातील ३९ अंशांचा आकडा लक्षात घेण्याजोगा आहे. तो अंगात चढलेल्या साध्या तापाएवढा आहे. चटके देणारा कडक शेक अधिक गुणकारी असतो, ही समजूत घरोघरी आढळते. प्रत्यक्षात या चाचणीत आराम पडला तो सौम्य आणि दीर्घकाळ मिळालेल्या उबेने.

चटक्याचे गणित

त्वचा किती तापली आणि किती वेळ तापली, या दोन गोष्टींवर भाजणे अवलंबून असते. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये या नात्याचा तपशीलवार अभ्यास मांडला. त्वचेचे तापमान ६० अंशांवर पोहोचले, तर खोलवर भाजण्यास सुमारे ५ सेकंद पुरतात. याउलट ४४ अंशांवर तेवढीच इजा होण्यास सुमारे ६ तास लागतात. म्हणजे हाताला ‘छान कोमट’ वाटणारी पिशवीदेखील रात्रभर अंगाखाली दाबली गेली, तर भाजू शकते.

निसर्गाने यावर एक पहारेकरी ठेवला आहे. साधारण ४३ अंशांच्या पुढे त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांवरील एक विशिष्ट प्रथिन जागे होते आणि मेंदूकडे वेदनेचा संदेश धाडते. हेच प्रथिन मिरचीच्या तिखटपणालाही प्रतिसाद देते. डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने १९९७ मध्ये त्याचा शोध जाहीर केला आणि पुढे २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याचे मज्जातंतू निकामी झाले आहेत, त्याच्या शरीरात हा पहारेकरी असूनही त्याची हाक मेंदूपर्यंत पोहोचत नाही.

घरात तापमापक नसेल, तर शेक देणाऱ्याने पिशवी फडक्यासह आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा कोपराजवळ पूर्ण अर्धा मिनिट धरून पाहावी. केवळ स्पर्श करून काढून घेणे पुरेसे नाही, कारण फडक्यातून उष्णता झिरपण्यास वेळ लागतो. अर्धा मिनिट ती सुखाने सहन झाली तरच पुढे जावे. रोज स्वयंपाक करणाऱ्यांच्या तळहाताला उष्णतेची सवय झालेली असते, म्हणून तळहातावर विसंबू नये.

गरम पाण्याची रबरी पिशवी

मायक्रोवेव्ह नसलेल्या घरात सर्वांत भरवशाचे साधन आजही हेच आहे. त्याचे कारण पाण्याच्या स्वभावात आहे. एक किलो पाणी एक अंशाने थंड होताना जेवढी उष्णता देते, तेवढी देण्यास जवळपास पाच किलो कोरडी वाळू लागते. म्हणून पाण्याची पिशवी हळूहळू निवते आणि बराच वेळ ऊब देते.

या पिशवीत उकळते पाणी कधीही ओतू नये. त्याने रबर लवकर जीर्ण होते आणि झाकण सैल असल्यास पाणी थेट अंगावर सांडते. तापमापकाशिवाय प्रमाण राखण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे मिसळण. एक पेला उकळते पाणी आणि एक पेला नळाचे पाणी एकत्र केल्यास मिश्रण साधारण ६० अंशांच्या आसपास येते. दोन पेले उकळते आणि एक पेला नळाचे घेतल्यास ते ७० ते ७५ अंशांपर्यंत जाते. जाड आवरण घातलेल्या पिशवीला पहिले प्रमाण पुरेसे होते आणि वृद्धांसाठी त्याच्या पुढे जाऊ नये.

पिशवी दोन तृतीयांशच भरावी. ती सपाट पृष्ठावर आडवी करून, पाणी तोंडाशी येईपर्यंत हळूच दाबून आतील हवा बाहेर काढावी आणि मगच झाकण घट्ट बसवावे. पिशवी उलटी धरून गळती पाहावी. तिच्यावर कापडी आवरण किंवा पंचाची दुहेरी घडी असावी. पिशवी अंगावर ठेवावी, तिच्यावर अंग टाकू नये. वजनाने ती फुटण्याची भीती असतेच, शिवाय दाबलेल्या भागातील रक्तप्रवाह मंदावून तेथील उष्णता साचत जाते.

रबराला आयुष्य असते. ब्रिटिश प्रमाणानुसार बनलेल्या पिशव्यांवर फुलाच्या आकाराचा शिक्का असतो. त्याच्या मधोमध उत्पादनाचे वर्ष असते, बारा पाकळ्या महिने दाखवतात आणि पाकळ्यांतील ठिपके आठवडे. असा शिक्का नसेल, तर खरेदीची तारीख पिशवीच्या आवरणावर लिहून ठेवावी. दोन-तीन वर्षांनी, किंवा त्याआधीही रबराला चिरा, चिकटपणा अथवा कडकपणा दिसल्यास पिशवी बदलणे श्रेयस्कर.

जेलची पिशवी

थंड आणि गरम अशा दोन्ही शेकांसाठी मिळणारी निळसर जेलची पिशवी गरम पाण्यात उत्तम तापते. पसरट पातेल्यात पिशवी पूर्ण बुडेल एवढे पाणी उकळावे, गॅस बंद करावा, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग पिशवी पाण्यात सोडावी. साधारण आठ ते दहा मिनिटे पुरतात. वेष्टनावर पाण्यात तापवण्याची वेगळी वेळ दिली असेल, तर तीच पाळावी. पिशवी झाऱ्याने किंवा चिमट्याच्या बोथट बाजूने अलगद काढावी, पुसावी आणि फडक्यातून हलकेच चोळावी, म्हणजे आतील उष्णता सारखी पसरते. त्यानंतर ती जाड फडक्यात गुंडाळावी.

पेटत्या गॅसवरील पातेल्यात ही पिशवी टाकू नये. तळाशी टेकलेले प्लास्टिक पाण्याहून अधिक तापते आणि विरघळते. तव्यावर तर ती कदापि ठेवू नये. ‘केवळ थंड वापरासाठी’ असे लिहिलेली पिशवी तापवू नये. पिशवी गळू लागल्यास ती टाकून द्यावी, कारण काही जेलमध्ये पोटात गेल्यास विषारी ठरणारी द्रव्ये असतात. लहान मुलांच्या घरात ही काळजी दुप्पट घ्यावी.

टिचकीसरशी तापणारी पिशवी

पारदर्शक द्रवात धातूची छोटी चकती असलेली पिशवीही बाजारात मिळते. चकती दाबताच द्रव पांढरा, घट्ट होत जातो आणि पिशवी गरम होते. त्या द्रवात सोडियम ॲसिटेट हा क्षार असतो. तो ५८ अंशांना वितळतो आणि निवल्यावरही द्रवरूपातच थबकून राहतो. चकतीच्या टिचकीने स्फटिक बनू लागतात आणि साठलेली उष्णता बाहेर पडते. त्यामुळे पिशवी या मर्यादेपलीकडे आपणहून तापत नाही. मात्र ही मर्यादाही उघड्या त्वचेसाठी जास्तच असल्याने फडके हवेच.

ती पुन्हा वापरण्याजोगी करण्यास मायक्रोवेव्ह नव्हे, तर उकळते पाणीच योग्य. पातेल्याच्या तळाशी फडके पसरून त्यावर पिशवी ठेवावी आणि दहा-पंधरा मिनिटे पाणी उकळू द्यावे. आतील शेवटचा पांढरा कणही विरघळायला हवा. एखादा स्फटिक उरला, तर निवताना सारा द्रव पुन्हा गोठतो आणि पुढच्या वेळी चकती दाबून उपयोग होत नाही. फुटबॉलच्या मैदानापासून प्रवासापर्यंत ही पिशवी उपयोगी पडते, कारण तापवण्याचे काम आधीच घरी उरकलेले असते.

मीठ, वाळू आणि धान्याची पुरचुंडी

मिठाचा किंवा वाळूचा शेक मराठी घरांना नवा नाही. लोखंडी कढईत जाडे मीठ अथवा धुऊन वाळवलेली वाळू मंद आचेवर परतावी. जाडे मीठ तापताना त्याच्या खड्यांत अडकलेले पाणी वाफ होऊन खडे तडतडतात आणि उडतात, म्हणून आच मोठी करू नये आणि चेहरा कढईपासून दूर ठेवावा. गॅस बंद केल्यावर काही मिनिटे थांबून मगच ते जाड सुती फडक्यात बांधावे. या क्षणी घाई केल्यास मोठा धोका संभवतो. कढईत पाणी नसल्याने मिठाला किंवा वाळूला १०० अंशांची मर्यादा नसते, त्यांचे तापमान सहज त्याच्या वर जाते. ओवा घालायचा झाल्यास तो शेवटी घालावा. त्याचा सुगंध सुखावतो, पण तो जळाल्यास धूर होतो.

गहू, तांदूळ किंवा जवस भरून शिवलेली तयार पिशवी मात्र तव्यावर किंवा कढईत ठेवू नये. कापड करपते आणि आतले धान्य बाहेरून थंड वाटले, तरी मधोमध धुमसत राहू शकते. तिच्यासाठी इडलीपात्र हा उत्तम मार्ग आहे. पिशवी कोरड्या स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावावे आणि तो डबा इडलीपात्रात वाफेवर पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. वाफेचे तापमान १०० अंशांपुढे जात नाही, त्यामुळे कापड जळण्याचा प्रश्न उद्भवत नाही आणि पिशवी ओलीही होत नाही. बाहेर काढल्यावर ती हलवून घ्यावी आणि मनगटावरची परीक्षा येथेही चुकवू नये. करपलेला वास येणारे धान्य टाकून द्यावे.

फडक्याची घडी

सर्वांत साधा उपाय म्हणजे सुती पंचाची जाड घडी. ती कोरड्या तव्यावर काही क्षण दाबून किंवा इस्त्री फिरवून तापवता येते. फडक्यात उष्णता थोडीच साठते, त्यामुळे ते लवकर निवते. हा दोष वाटला, तरी सुरक्षिततेच्या दृष्टीने तोच गुण आहे. घडी वरचेवर बदलावी लागते आणि देणाऱ्याचा हात सतत तेथे असतो, त्यामुळे चटका लगेच लक्षात येतो. कापड निखळ सुती असावे. कृत्रिम धाग्याचे कापड तव्यावर वितळते.

ओल्या शेकासाठी टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळावा. ओला शेक लवकर लागू पडतो, पण तितक्याच वेगाने भाजतोही. म्हणून टॉवेलमधून पाणी ठिबकता कामा नये. पातळ प्लास्टिकची पाण्याची बाटली हा मात्र पर्याय नव्हे, कारण गरम पाण्याने ती आकसते. काचेची बाटली तडकू शकते. विजेवर तापणारी पिशवी प्लग लावलेला असताना अंगाशी धरू नये.

शेगडीचा शेक

बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची रीत अनेक घरांत होती आणि काही ठिकाणी आजही आहे. पूर्वीच्या हवेशीर वाड्यांत जे निभावून जात असे, ते शहरातील बंद खिडक्यांच्या खोलीत प्राणघातक ठरू शकते. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, गरगरणे, झापड येणे ही त्याची लक्षणे थकव्यासारखीच भासतात. त्यामुळे बंद खोलीत निखारे ठेवूच नयेत. नवजात बाळाजवळ तर शेगडी किंवा गरम पिशवी दोन्ही नकोत. बाळाला ऊब द्यायची असल्यास आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरावे आणि वरून पांघरूण घालावे. जागतिक आरोग्य संघटनाही याच पद्धतीचा पुरस्कार करते.

कुणी शेक घेऊ नये?

शेकाला मर्यादा असते, हे आपल्या परंपरेलाही ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय सर्वस्वी स्वेदनावर आहे. त्यात अग्नीच्या साह्याने करावयाच्या स्वेदनाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्याच अध्यायात कुणाला स्वेदन करू नये याचीही यादी आहे आणि तीत गर्भिणीसोबत मधुमेहीचाही उल्लेख आहे. डोळे, हृदय आणि वृषण यांना शेक द्यावा लागला, तर अगदी सौम्य द्यावा अन्यथा देऊच नये, असेही तेथे म्हटले आहे.

आधुनिक वैद्यक वेगळ्या कारणांनी जवळपास याच सावधगिरीकडे येते. दीर्घकालीन मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते आणि रक्तपुरवठाही घटतो. चटका कळत नाही, आणि झालेली जखम लवकर भरत नाही. अशा व्यक्तीच्या पावलांना शेक देऊच नये. पाय गार पडत असतील, तर मोजे घालावेत. पक्षाघाताने बधिर झालेला भाग, अर्धवट शुद्धीतील रुग्ण, झोपेच्या गोळ्या किंवा मद्य घेतलेली व्यक्ती यांनाही हाच नियम लागू होतो.

मुरगळलेल्या घोट्यावर पहिले दोन दिवस शेक नको, बर्फ बरा. शेकाने सूज वाढते. उघडी जखम, गळू, तापलेला लाल भाग किंवा एकाच पोटरीला आलेली दुखरी सूज यांवर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय शेकू नये. पोटरीच्या सुजेमागे रक्ताची गुठळी असू शकते. पोटदुखीचे कारण ठाऊक नसताना, विशेषतः उजव्या बाजूला खाली दुखत असून ताप किंवा उलटी असेल, तर शेकत बसण्यात वेळ दवडू नये. छातीत दाब, डाव्या हातात कळ आणि घाम ही लक्षणे ‘गॅस’ समजून शेकत राहणे तर जिवाशी खेळ आहे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वेळेचा हिशेब

एका वेळचा शेक १५ ते २० मिनिटांचा असावा. दर पाच मिनिटांनी फडके उचलून त्वचा पाहावी. किंचित गुलाबी रंग स्वाभाविक आहे. गडद लाल चट्टे किंवा पांढुरके ठिपके दिसल्यास शेक तत्काळ थांबवावा. शेक घेताना झोप लागण्याची शक्यता असते, म्हणून घड्याळाचा गजर लावावा. एकाच जागी महिनोन् महिने शेकत राहिल्यास त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. काश्मीरमध्ये फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगण्याच्या सवयीतून पोटाच्या व मांडीच्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगाची नोंद वैद्यकीय वाङ्मयात १८६६ पासून आहे. रोज शेकावे लागणारे दुखणे हे मुळात डॉक्टरांना दाखवण्याचे दुखणे होय.

भाजलेच, तर तो भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. फोड फोडू नये. मधुमेही, वृद्ध आणि बालके यांच्याबाबतीत लहानशी जखमही डॉक्टरांना दाखवावी.

पूर्वी घरातील जाणती स्त्री शेक देताना प्रत्येक घडी आधी स्वतःच्या गालाला किंवा मनगटाला लावून पाहत असे आणि शेवटपर्यंत रुग्णाजवळ बसून राहत असे. मायक्रोवेव्ह असो वा नसो, ही सवय जपण्याजोगी आहे. शेक ज्याला द्यायचा, त्याला चटका कळत नसेल, तर तो देणाऱ्याला कळायला हवा.